सलग कठडा

प्रसेनजीतने बाळासोंचा उजवा हात उचलून पोलादी नळीवर ठेवला, त्यावर आपला तळवा क्षणभर दाबला आणि तो बाजूला झाला.

"आता डोळे मिटा, काका. आणि हात न उचलता वर चढा."

"आन् पडलो तर?"

"पडू शकता, हेच दाखवायचंय."

विहार समितीचे अध्यक्ष बाळासो यांचे उभे आयुष्य एसटीच्या कंडक्टरकीत, म्हणजे हलत्या जमिनीवर उभे राहण्यात गेले होते. तोल कसा सांभाळावा हे त्यांना कुणी शिकवावे, ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटत असावी. पायथ्याशी जमलेल्या मंडळींवर एक नजर टाकून त्यांनी डोळे मिटले आणि ते ऐटीत चढू लागले. हात नळीवरून सरकत गेला, पाऊल पायरीवर नेमके पडत गेले, आणि पहिल्याच खांबाशी बोटांची पेरे काळ्या ग्रॅनाइटवर आपटली.

"आयाई गं!"

"म्होरं सरका, म्होरं सरका! जागा हाय की!" गर्दीतून कुणीतरी कंडक्टरचाच आवाज काढला.

सगळे हसले. बाळासोही बोटे झटकत हसले. मग आपण कोणत्या पायऱ्यांवर उभे आहोत हे सगळ्यांना एकाच वेळी आठवले आणि हसू अर्ध्यावरच विरून गेले.

"आता पुढं जायचं तर?" प्रसेनजीतने विचारले.

"हात काढावा लागंल."

"आणि काढलेला हात पुढच्या नळीवर पडेपर्यंत तुमच्या मुठीत काय असतं?"

बाळासोंनी डोळे उघडले. मान वळवून ते खाली बघत राहिले. तिथे पलीकडच्या बाजूच्या एका खांबाला पाठ टेकून प्रसेनजीतचे वडील, दादासो, उभे होते. ते हसले नव्हते, आणि त्यांनी वरही बघितले नव्हते.

गेल्या वैशाखी पौर्णिमेला वंदना आटोपून उतरताना प्रसेनजीतची आई आक्काताई याच पायऱ्यांवरून पडली होती. ती जिथे थांबली तिथवरच्या पायऱ्यांवर खीर सांडलेली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात ती काही दिवस पडून होती, पण शुद्धीवर आली नाही. त्यामुळे ती कशी पडली हे तिने कुणाला सांगितले नाही. प्रसेनजीतला ते कुणी सांगण्याची गरजही नव्हती. शाहूपुरीत त्याचे कार्यालय होते, आणि कारखान्यांतल्या जिन्यांना, टाक्यांभोवतीच्या चालण्याच्या फळ्यांना सुरक्षित कठडे कसे असावेत हे सांगणे हा त्याचा व्यवसाय होता. माणूस पडतो तो पाय घसरल्यामुळे कमी आणि हात रिकामा राहिल्यामुळे जास्त, हे वाक्य तो प्रत्येक कारखान्यात ऐकवत असे, आणि प्रत्येक कारखान्यात माना डोलावल्या जात असत.

कोडोलीच्या पलीकडची ही वाडी, वाडीमागची टेकडी आणि टेकडीवर समाजाने स्वतःच्या हातांनी बांधलेला विहार. पायऱ्यांना कठडा करायचा ठरला तेव्हा प्रसेनजीतने नकाशा पाठवला होता: पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच सलग नळी, तिला खालून आधार, म्हणजे वरून सरकणाऱ्या हाताला कुठेही अडथळा नाही. समितीने तो एकमताने मंजूर केला. एकमताने मंजूर झालेल्या गोष्टींचे आपल्याकडे जे होते तेच त्याचे झाले. फोटो काढून झाल्यावर तो पुन्हा कुणी उघडला नाही. देणगीदार पुढे आले. ज्याची देणगी त्याचा खांब, आणि खांब आला म्हणजे त्यावर नाव आले. नाव वाचता यावे म्हणून खांब नळीच्या वर काढले गेले, आणि नळीचे तुकडे होऊन ते खांबाखांबांच्या मध्ये बसले. पुढच्या खेपेला प्रसेनजीत आला तेव्हा ग्रॅनाइट चकाकत होता आणि गाव खूश होते. तो चिडला, बोलला, आणि कोल्हापूरला निघून गेला.

त्या खांबांतला पहिला खांब दादासोंचा होता. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी काहीही घेतले नाही. बापाचे नाव दगडात कोरून घेतले. 'कालकथित केरबा सटवाजी'. गावाने या माणसाला हयातभर केऱ्या म्हणून हाक मारली होती, आणि तीही जोत्याखाली उभे ठेवून. मेल्यावर का होईना, त्याच्या नावाला 'बा' लागला आणि त्याच्या बापाच्या नावाला 'जी' लागले. देवळातल्या पंख्यावर, फरशीवर आणि घंटेवर ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे पिढ्यान् पिढ्या सुखाने झोपली आहेत, अशा लोकांना नावाचा सोस किती क्षुद्र असतो यावर फार सुंदर बोलता येते.

प्रसेनजीतला ते बोलता येत नव्हते. म्हणूनच त्या संध्याकाळी वाडीतल्या समाजमंदिरात बैठक बसली तेव्हा त्याने फक्त कठड्याबद्दल बोलायचे ठरवले होते.

"खांब नळीच्या खाली कापायचे," तो म्हणाला. "वरून एक नळी फिरवायची. नावांसाठी दाराजवळ वेगळी भिंत करू. सगळी नावं तिथं येतील. एकही गळणार नाही."

"भितीवर म्हंजे हजेरीपटागत," मागून कुणीतरी म्हणाले.

"आन् वर चढता चढता माझ्या बाच्या नावावर हात फिरतो, त्यो आता फिरायचा न्हाय व्हय?" दुसऱ्या एकाने विचारले.

"तो फिरतो, म्हणूनच तर—" प्रसेनजीतने वाक्य तोडले.

बाळासोंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. दुखावलेली बोटे त्यांनी अजून दुसऱ्या हातात धरली होती.

"तुजं खरं हाय, लेका. आत्ताच बघितलं मी. पण आधी हे पेपरातलं बोलणं बंद कर आन् आपल्या बोलीत सांग. माझ्या आज्ज्याचं नाव जगात दुसरीकडं कुठं लिवल्यालं हाय?"

पुढे सरकवलेली नकाशाची गुंडाळी प्रसेनजीतने मागे घेतली.

"शाळंचं तोंड त्यानं बघितलं न्हाय. जमीन हुती ती दुसऱ्याची. जल्माची नोंद न्हाय, मेल्याची न्हाय. ह्या खांबावर हाय तेवढाच माझा आज्जा. आन् तू म्हणतोस, हात अडकतो."

"अडकतो की काका. तुमचाबी अडकला."

"अडकला. म्हणून काय आज्ज्याला कापू?"

कुणी हसले नाही. प्रसेनजीतने नकाशाची गुंडाळी मांडीवर घट्ट धरली. त्याच्याजवळ आकडे होते, कारखान्यांतल्या अपघातांचे दाखले होते, आणि समोर एक माणूस होता ज्याचे म्हणणे सर्वस्वी खरे होते. इतिहासाने एका बाजूला दगडातले नाव ठेवले होते आणि दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्या बायकांची मोडणारी हाडे, आणि यांतले एक निवडण्याचे काम मोठ्या औदार्याने त्याच माणसांवर सोपवले होते, ज्यांना यापूर्वी काहीच निवडू दिले नव्हते.

तेव्हा दादासो उठले. गुडघ्यांमुळे उठायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"पयला माझ्या बाचा कापा," ते म्हणाले.

"दादासो, तूच तर हट्ट धरलातास—"

"म्हणूनच म्हणतो. पयला माझा. मग ज्याला वाटंल त्यानं आपापला."

एवढे बोलून ते खाली बसले. पुढे फारशी चर्चा झाली नाही. ज्याची बायको गेली त्याच्यापुढे आजोबा-पणजोबांची नावे घेऊन कोण उभा राहणार? बाहेर पडताना प्रसेनजीतने वडिलांच्या दंडाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या विद्येची बाजू घेतली, असे त्याला वाटले. दादासोंनी दंड हळूच सोडवून घेतला आणि ते चपला शोधू लागले.

पावसाळा लागला. टेकडीवर काम करणे शक्य नव्हते, म्हणून आधी नळी ठरवायची होती. उद्यमनगरातल्या गुंडूच्या वर्कशॉपमध्ये प्रसेनजीत दर दोन दिवसांनी जाऊन बसू लागला. गुंडू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे दयेने बघत असे.

"सायेब, मी मंगल कार्यालयांना रेलिंग दिल्यात. चौकोनी पाइप, हे एवढा रुंद, वर सोनेरी पट्टी. नवरी वर चढली की फोटोत लखलखतंय."

"आणि नवरीची आजी?"

"आजीला दोघं धरत्यात की."

"माझ्या रेलिंगवर आजीला कुणी धरणार नाही, असं समजून चाल. अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटली पाहिजेत. आणि उन्हानं तापलेलं पोलाद कुणी धरत नाही, म्हणून वर नायलॉनचा लेप. शेवटची पायरी संपली तरी नळी थोडी पुढं जाऊ दे. पायाला जमीन लागल्याचं कळेपर्यंत हात सोडायचा नसतो."

"आन् शेंडा?"

"खाली वळव. पदर, पिशवी, काही अडकायला नको."

गुंडूने वेगवेगळ्या जाडीचे चार तुकडे कापून दिले. ते सुतळीने बांधून प्रसेनजीत एका रविवारी वाडीवर गेला, आणि वडिलांच्या घरी न जाता आधी पारूमावशीच्या ओट्यावर जाऊन बसला. पारूमावशी आईची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी या वाडीत सुना म्हणून आल्या, एकाच मुकादमाच्या हाताखाली ऊस तोडला, आणि केस पिकल्यावर एकाच साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरे शिकल्या. आईच्या हातांसारखे हात वाडीत उरले होते ते हिचेच.

"मावशी, ह्यातली एकेक धर बघू."

"कशाला? चोर आलाय का?"

"रेलिंगला. मुठीत नीट कुठली बसती ते सांग."

शेंगा फोडायचे थांबवून तिने हात पदराला पुसले आणि पहिली नळी धरली. "ही म्हंजे आमच्या दादल्याची मान. हात पुरंना." दुसरी तिने धरताच परत दिली. "हे उलथणं झालं." तिसरी तिने धरली, फिरवली, पुन्हा धरली. "ही. ही फुकणीगत हाय. हाताच्या वळखीची."

प्रसेनजीतने त्या तुकड्यावर खडूने खूण केली. "आईलाबी हीच बसली असती न्हवं?"

"आक्कीला काय, कुठलीबी बसली असती. खुरपं धरून धरून मूठ झाल्याली. धरल्यालं सोडायची न्हाय ती."

"खांबानं सोडाय लावलं तिला."

"कुठल्या खांबानं?"

"आज्ज्याच्या. आणि कुठल्या?"

पारूमावशीने त्याच्याकडे बघितले. बाहेर पन्हाळीचे पाणी दगडावर पडत होते.

"खांब कुठं आलता? खांब अजून खाली हुता. मी तिच्या मागंच हुते की."

"मग?"

"मग काय? तू तर टेप घिऊन समद्या पायऱ्या मोजल्यास. मला वाटलं, तुला ठावं आसंल."

"मावशी, नीट सांग."

ती नीट सांगू लागली. तिला त्यात लपवण्यासारखे काही दिसत नव्हते. आक्कीच्या एका हातात खिरीचा डबा होता. दादासोला गुडघ्यांमुळे चढवत नाही, म्हणून त्याच्यासाठी खीर घेऊन ती उतरत होती. दुसरा हात रेलिंगवर. उतरताना तिचे नेहमीप्रमाणे नावे वाचणे चालले होते. अक्षरे आल्यापासून तिचा तो खेळच होता. प्रत्येक खांबावरचे नाव मोठ्याने वाचायची, आणि सासऱ्याचा खांब आला की 'फुडचं' म्हणायची.

"आमी हसायचो. म्हणायचो, आगं, मेलाय त्यो, आता घे की नाव. तर म्हणायची, दगडात हायत की मामंजी, ऐकतील."

"आणि त्या दिवशी?"

"वारं सुटलं हुतं. पदर खाली खांद्यावर आल्ता. तिला ध्यानच न्हवतं, तिचं आपलं वाचणं चाललंतं. खाली तुजा बा उभा. त्यानं वर बघितलं आन् असं केलं." पारूमावशीने स्वतःच्या डोक्याला हात लावून तो कपाळापर्यंत ओढला. "पदर म्हणून. म्होरं सासऱ्याचं नाव, आन् उघड्या डोस्क्यानं कशी उतरायची? तिनं झटदिशी हात काढला पदराला."

"रेलिंगवरचा."

"मग दुसऱ्यात डबा न्हवता व्हय? खीर सांडंल म्हणून डबा तेवढा धरून ठेवला बघ तिनं."

प्रसेनजीत नळ्या गोळा करू लागला. सुतळीची गाठ त्याच्याकडून बसेना. तिसऱ्या वेळेला त्याने ती तशीच सोडून दिली.

"हे तू कुणाला बोलली न्हाईस?"

"बोलण्यागत काय हाय त्यात? माझा दादला असता तर चारचौघांत वरडला असता. तुजा बा गरीब, म्हणून नुसती खूण केली." तिने पुन्हा शेंग हातात घेतली, पण फोडली नाही. "तवापास्नं त्यो माझ्याशी बोलंना. का रं?"

तो त्या दिवशी वडिलांना न भेटताच परतला. शाहूपुरीतल्या कार्यालयात भिंतीवर त्याचा नकाशा लावलेला होता. मुठीचा घेर, खांद्याची उंची, लहान मुलांसाठी खालची दुसरी दांडी, भिजलेला तळवा, थकलेला गुडघा, सगळ्याचा विचार त्यात केलेला होता. आपणहून, आज्ञाधारकपणे डोक्याकडे जाणाऱ्या हाताचा विचार त्यात नव्हता, आणि तो करता येईल अशी जागाही नव्हती. कठडा अखंड असता तरी तो हात त्यावरून उठलाच असता.

मग त्याला राग आला. तो इतका थंड होता की पहिल्यांदा त्याला तो शांतपणाच वाटला. आजोबांच्या पिढीने घरातले देव नदीत सोडले होते, गावकीची कामे सोडली होती, मेलेली जनावरे ओढणे सोडले होते, आणि ज्यांना हे सोडलेले खपले नाही त्यांच्याकडून त्याबद्दल मारही खाल्ला होता. पदर तेवढा राहिला. तो सोडा असे कुणाला सुचले नाही, कारण तो कुणाला ओझ्यासारखा दिसलाच नाही. ज्यांनी वाहिला त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती. ज्या माणसाला गावाने उभ्या जन्मात मान दिला नाही, त्याला दगडात मान मिळाला, आणि त्या दगडाने वसुली केली ती घरातल्याच सुनेकडून. यावर एखाद्या परिसंवादात फार चांगले बोलता येईल, असे त्याच्या मनात आले, आणि हातातली पेन्सिल त्याने इतकी दाबली की टोक कागदातून आरपार गेले.

'पयला माझ्या बाचा कापा.' आपले काय पटले म्हणून ते उठले होते? प्रसेनजीतने ते वाक्य अनेकदा मनात उलटसुलट करून बघितले. प्रत्येक वेळी त्यातून कठड्याचे शास्त्र आणखी थोडे कमी होत गेले.

दादासो अधूनमधून फोन करत.

"झालं का रं रेलिंग?"

"चाललंय. पाऊस उघडल्यावर बसवू."

"मजबूत करायलास न्हवं?"

"व्हय." मग थोडे थांबून, "आबा—"

"काय?"

"रंग कुठला घेऊया?"

"तुला बरा वाटंल त्यो."

असे तीन-चार वेळा झाले. प्रत्येक वेळी 'आबा' म्हटल्यावर पलीकडून येणारा तो 'काय' जरा लवकरच येत असे. प्रत्येक वेळी प्रसेनजीत त्यापुढे रंग, नळी, सिमेंट यांतले काहीतरी ठेवून देई. समोरासमोर विचारायचे, असे त्याने ठरवले होते. कठडा उभा राहू दे. मग त्याच पायऱ्यांवर उभे राहून विचारायचे. माणूस मेला की कारखान्याच्या मॅनेजरला तो ज्या आवाजात विचारत असे, त्याच आवाजात.

नवरात्राच्या सुमारास पाऊस उघडला आणि गुंडूची माणसे टेकडीवर आली. ग्रॅनाइट कापताना पहिल्या खांबापाशी दादासो सकाळपासून उभे होते. नावाची पाटी सुटी झाली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली आणि कुणालाही न देता दाराजवळच्या नव्या भिंतीपर्यंत चढून नेली. गुडघे दुखत असताना, आणि कठडा अजून बसलेला नसताना. प्रसेनजीत खालून बघत राहिला. त्याने हाक मारली नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वाडी पुन्हा टेकडीवर चढली. बाळासोंनी सगळ्यांसमोर डोळे मिटून पायथ्यापासून माथ्यापर्यंत हात न उचलता चढून दाखवले आणि माथ्यावर पोचताच दुहेरी घंटी मारल्याचा आवाज तोंडाने काढला. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायका एकामागून एक नळीवरून हात सरकवत वर गेल्या. तो निळा लेप त्यांना उबदार वाटत असावा, कारण काहींनी माथ्यावर पोचूनही हात लगेच उचलला नाही. पारूमावशीने त्याच्याकडे बघून मूठ वळून दाखवली: बरोबर बसती. भिंतीपाशी येताच मात्र तिने आणि तिच्या मागच्या दोघींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या.

वंदना झाली. भाषणे झाली. लोक उतरू लागले. उन्हे कलली तेव्हा माथ्यावर दोघेच उरले होते. दादासो भिंतीसमोर उभे होते, भिंतीकडे पाठ करून. प्रसेनजीत त्यांच्याजवळ गेला. काय विचारायचे त्याचे शब्द त्याने फार दिवसांपासून जुळवून ठेवले होते.

दादासोच आधी बोलले.

"हे असं तवाच असतं," नळीकडे बघत ते म्हणाले, "तर आक्की पडली नसती न्हवं?"

हा प्रश्न त्याला पुष्कळांनी विचारला होता. अपघात झाला की मॅनेजर विचारत, कामगारांचे पुढारी विचारत, एकदा एका मेलेल्या फिटरच्या बायकोने विचारला होता. त्याचे उत्तर ठरलेले असे: सांगता येत नाही. जे माहीत नाही ते त्याने कधी लिहून दिले नव्हते, आणि जे माहीत होते त्याच्या उलट तर कधीच नाही. इथे तर सगळेच माहीत होते.

दादासो त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर नळीवरच होती, पण मान किंचित त्याच्या बाजूला झुकली होती, कमी ऐकू येणारा माणूस झुकवतो तशी. त्यांना मात्र चांगले ऐकू येत असे.

"न्हाय, आबा," प्रसेनजीत म्हणाला. "पडली नसती."

दादासोंनी आता मान वर केली. बराच वेळ ते मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत काही शोधावे तसे, आणि ते सापडल्यावर परत ठेवून द्यावे तसे.

"पारू भेटलीती व्हय तुला?" त्यांनी विचारले.

प्रसेनजीतने नजर नळीकडे वळवली.

"बरं," दादासो म्हणाले.

ते वळले आणि उतरायला निघाले. दोन्ही बाजूंनी कठडा माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकसंध उतरत गेला होता. दादासो पायऱ्यांच्या बरोबर मधून चालले होते, जिथे हात लांब केला तरी कुठलीच बाजू लागत नाही तिथून. गुडघा प्रत्येक पायरीवर थांबत होता, कापत होता, मग पुढे जात होता.

"आबा, धरून उतरा."

"हं," ते म्हणाले, आणि मधूनच उतरत राहिले.

प्रसेनजीत भरभर खाली गेला, त्यांना ओलांडून एक पायरी पुढे झाला आणि वळला. मग त्यांच्याकडे तोंड करून, पाय मागे चाचपत, तोही मधूनच उतरू लागला.